नाव गाण्याला, गाणं कुणाच्या नावावर?

माझा मामा बोटीवर नोकरीला होता. परदेशातून येताना घरच्यांसाठी काही ना काही आणायचा, पण स्वतःसाठी आणायच्या त्या फक्त रेकॉर्डी. मामा गेला आणि मामीनं घर आवरायला काढलं, तेव्हा त्या रेकॉर्डींच्या दोन पेट्या माझ्या वाट्याला आल्या. "तुला आवड आहे, तर तूच ने," मामी म्हणाली. "मी चाळीस वर्षं नुसत्या पुसल्या."

त्या पेट्यांत 'द ऑलमन ब्रदर्स बँड' या अमेरिकन बँडच्या पाच-सहा रेकॉर्डी होत्या. मामाच्या नादानं मी कॉलेजात असल्यापासून हा बँड ऐकत आले आहे. एका रविवारी मामी माझ्याकडे आली असताना मी त्यांची 'जेसिका' लावली. ही शब्द नसलेली, नुसत्या वाद्यांची साडेसात मिनिटांची रचना आहे. मामी भाजी निवडत होती. थोड्या वेळानं म्हणाली, "छान आहे गं. पण ही जेसिका कोण?" मी म्हटलं, "गिटार वाजवणाऱ्याची लहान मुलगी." मग तिनं रेकॉर्डचं कव्हर उघडलं. आत दोन्ही पानांवर पसरलेला मोठा ग्रूप फोटो आहे. बँडमधले पुरुष, त्यांचे मदतनीस, बायका, कडेवर मुलं, एखाद्या लग्नघरात काढावा तसा. मामी चष्मा सारखा करत म्हणाली, "आणि ह्या सगळ्या बायका कोण?"

मला सांगता येईना. त्यातल्या पुरुषांची नावं, कोण काय वाजवायचा, कोण कधी गेला, सगळं मला पाठ होतं. बायकांपैकी एकीचंही नाव येत नव्हतं. मी समाजकार्याची पदवी घेतलेली बाई. वस्तीत कुटुंबांची पाहणी करताना "घरात काम कोण कोण करतं?" हा प्रश्न मी गेली बारा वर्षं विचारते आहे. माझ्या आवडत्या गाण्यांना मात्र तो कधी विचारला नव्हता. मामीच्या प्रश्नानंतर तो विचारून पाहिला. त्यातून जे हाती लागलं ते इथं मांडते आहे.

ज्यांनी हा बँड ऐकलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. ड्वेन आणि ग्रेग हे ऑलमन बंधू आणि आणखी चार जण मार्च १९६९ मध्ये फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल इथं एकत्र आले आणि लवकरच जॉर्जिया राज्यातल्या मेकन या गावी राहायला गेले. काळ्या लोकांचं ब्लूज, त्यात जॅझची मोकळी बढत आणि रॉकचा जोर असं त्यांचं संगीत. सहा जणांत एक काळा आणि पाच गोरे. त्या काळच्या दक्षिणेत हे सोपं नव्हतं. मार्च १९७१ मध्ये न्यू यॉर्कच्या एका थिएटरात त्यांचे कार्यक्रम मुद्रित झाले आणि 'अॅट फिलमोर ईस्ट' हा दोन तबकड्यांचा अल्बम निघाला. प्रत्यक्ष कार्यक्रमाच्या मुद्रणांत तो आजही उत्तम मानला जातो. त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला ड्वेन मोटरसायकलच्या अपघातात गेला. वर्षभरानं, नोव्हेंबर १९७२ मध्ये, बेरी ओकली हा बास वाजवणारा तसाच गेला. दोघंही चोवीस वर्षांचे. बँड मात्र मोडत, जुळत, माणसं बदलत टिकून राहिला. शेवटचा कार्यक्रम झाला ऑक्टोबर २०१४ मध्ये. या पंचेचाळीस वर्षांत त्यांच्यात एकही बाई कायमची सदस्य नव्हती. १९७९ च्या अल्बममध्ये बॉनी ब्रॅमलेट गायली, पण तीही पाहुणी म्हणून.

आता गाण्यांची नावं पाहा. 'जेसिका'. 'मेलिसा'. 'लिट्ल मार्था'. 'इन मेमरी ऑफ एलिझाबेथ रीड'. नावांवरून वाटावं, हा बायकांचाच बँड आहे! या चौघी कोण होत्या? एलिझाबेथ रीड हे मेकनच्या रोझ हिल दफनभूमीतल्या एका कबरीवरचं नाव. ही बाई १९३५ साली वारली होती, बँडशी तिचा काडीचाही संबंध नव्हता. डिकी बेट्स या गिटारवादकानं पुढे सांगितलं की रचना खरं तर दुसऱ्याच एका बाईवर होती, ती दुसऱ्या कुणाची मैत्रीण असल्यामुळे तिचं नाव घेता येत नव्हतं, म्हणून कबरीवरचं नाव उचललं. मार्थाचं नावही त्याच दफनभूमीतलं. बारा वर्षांची होऊन गेलेली एक मुलगी, तिच्या कबरीवर तिचा पुतळा आहे. मेलिसा हे नाव ग्रेगला एका रात्री वाणसामानाच्या दुकानात सापडलं, एक बाई आपल्या मुलीला त्या नावानं हाक मारत होती म्हणून. आणि जेसिका म्हणजे बेट्सची नुकती चालू-नाचू लागलेली मुलगी.

म्हणजे दोन मेलेल्या, एक अनोळखी पोर, एक घरातलं तान्हुलं. चौघींपैकी एकीनंही "माझं नाव का वापरलंत?" असं विचारण्याची शक्यता नव्हती. मी कुणावर कपटाचा आरोप करत नाही. नाव सुरेख वाटलं, घेतलं, इतकंच ते असेल. पण नाव किती सहज घेता येतं, हे पाहण्यासारखं आहे.

रेकॉर्डवर गाण्याच्या शीर्षकाखाली कंसात आणखी एक नाव छापलेलं असतं, रचना करणाऱ्याचं. शीर्षकातल्या नावाला मान मिळतो, कंसातल्या नावाला मानधन. रेकॉर्ड जितकी खपेल, गाणं रेडिओवर जितक्यांदा वाजेल, तितका पैसा त्या कंसातल्या नावाकडे जातो. या बँडच्या पहिल्या पाच अल्बमांतल्या, म्हणजे १९६९ ते १९७३ पर्यंतच्या, सगळ्या गाण्यांखालची नावं मी ओळीनं वाचून काढली. कंसात एकाही बाईचं नाव नाही. 'ब्रदर्स अँड सिस्टर्स' या १९७३ च्या अल्बमच्या नावात बहिणी आहेत. कव्हरवर पुढच्या बाजूला बँडमधल्या एकाचा लहान मुलगा आहे, मागच्या बाजूला दुसऱ्याची लहान मुलगी. मुलगा पुढे, मुलगी मागे! आत सात गाणी आहेत. लिहिणारे पुरुष, वाजवणारे पुरुष, निर्माते पुरुष. हा अल्बम अमेरिकेच्या यादीत पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर होता.

"अहो, पण बायकांनी तिथं काही केलंच नसेल तर नाव कुठून येणार?" असं कुणी विचारेल. म्हणून काय केलं ते सांगते.

१९७० च्या जानेवारीत मेकनमधलं एक जुनं मोठं घर महिना सव्वादोनशे डॉलर भाड्यानं घेतलं गेलं. ते शोधून काढलं आणि घेतलं बेरी ओकलीच्या बायकोनं, लिंडानं. तिथं लिंडा आणि बेरी आपल्या मुलीसह राहत. ड्वेन, त्याची जोडीदार डोना आणि त्यांची मुलगी राहत. बेरीची बहीण कँडेस राहायची. बाकीच्यांचं येणंजाणं, जेवणं, झोपणं चालूच असे. बँडचे पुरुष वर्षातले बहुतेक दिवस गावोगाव कार्यक्रमांना. मागे घर, तान्ही मुलं आणि पुरुष परत आले की पुन्हा सराव, पाहुणे, पंगती. 'बिग हाऊस' म्हणून ते घर प्रसिद्ध झालं आणि २००९ पासून तिथं बँडचं संग्रहालय आहे. बेरी गेल्यावर काही महिन्यांतच हा एकत्र संसार मोडला. पदरात मुलगी घेऊन लिंडा तिथून बाहेर पडली.

बँडच्या हाती पैसा नव्हता त्या दिवसांतली आणखी एक बाई आहे, लुईझ हडसन. तिनं आणि आयनेझ हिलनं १९५९ साली मेकनमध्ये एक खानावळ काढली होती. दोघी काळ्या, आणि वंशभेदाचे कायदे अजून लागू होते तेव्हाची ही गोष्ट. दहा वर्षांनी हे लांब केसांचे पोरगे त्या खानावळीत शिरले. दोन ताटांचे पैसे होते, खाणारी तोंडं पाच-सहा. लुईझनं प्रत्येकापुढे स्वतंत्र ताट ठेवलं, पैसे नंतर द्या म्हणाली. मुलांनी ते विसरलं नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं. पैसे चुकते केले, १९७२ च्या दौऱ्यात तिला बरोबर नेलं, जन्मभर 'मामा लुईझ' म्हणून मानलं. १९७० च्या 'आयडलवाइल्ड साउथ' या अल्बमच्या श्रेयनामावलीत जेवणखाणासाठी तिचं नाव छापलं आहे. पण कसं? नुसतं 'लुईझ'. आडनाव नाही. आपल्याकडच्या कार्यक्रमपत्रिकांतली 'स्वयंपाक : शांतामावशी' ही ओळ तुमच्या डोळ्यांसमोर आली असेल. मामा लुईझ २०२२ साली गेली, नव्वदी ओलांडून.

यावर नेहमीचं उत्तर येतं ते असं : "पण जेवण घालणं म्हणजे संगीत नव्हे. संगीताचं श्रेय संगीताला." हे उत्तर मलाही पटलं असतं, जर या बँडनंच ते खोटं पाडलं नसतं तर. 'अॅट फिलमोर ईस्ट'चं कव्हर उलटून पाहा. पुढच्या बाजूला बँड, सामानाच्या पेट्यांपुढे बसलेला. मागच्या बाजूला, तितक्याच मोठ्या फोटोत, सामान वाहणारी, तारा जोडणारी, गाड्या हाकणारी मदतनीस मंडळी. आमच्याइतकेच हेही बँडचे, असं सांगणारा हा फोटो आहे. त्यांचा एक व्यवस्थापक तेव्हा तुरुंगात होता. त्याचा फोटो वेगळा मिळवून मागच्या भिंतीवर चिकटवला आहे. 'मिडनाइट रायडर' या गाण्यात अडलेली एक ओळ अशाच एका मदतनिसानं सुचवली, तर त्याचं नाव कंसात लागलं आणि उत्पन्नाचा लहानसा वाटाही त्याला मिळाला.

मला हे फार आवडतं. कष्टाच्या कामाला इतका मान फार कमी कलाकार देतात. पण म्हणूनच प्रश्न टोकदार होतो. ओझं उचलणं हा संगीताचा भाग ठरू शकतो, एक ओळ सुचवणं हा ठरू शकतो, तुरुंगातल्या माणसाला कव्हरवर जागा मिळू शकते. मग घर चालवणं, मुलं सांभाळणं, भुकेल्याला ताट वाढणं तेवढं बाहेर कसं राहतं? वाजवणं आणि न वाजवणं अशी रेघ इथं नाहीच. रेघ आहे ती घराच्या उंबऱ्याची. बंधुभाव उंबऱ्यापर्यंत आला आणि तिथं थांबला.

या भावांच्या आईकडे पाहा. १९४९ च्या डिसेंबरात नवऱ्याचा खून झाला तेव्हा जेराल्डीन ऑलमनच्या पदरात तीन आणि दोन वर्षांची मुलं होती. ती हिशेबनिसाचं शिकली, परीक्षा देऊन सनदी झाली, नोकरी करून मुलं वाढवली. ड्वेननं शाळा अर्धवट सोडून घरी बसून गिटार घोटली, असं कौतुकानं सांगितलं जातं. ते घर कुणाच्या पगारावर उभं होतं हे मात्र सांगायचं राहून जातं. जन्मभर इतरांचे हिशेब लिहिणाऱ्या या बाईचा हिशेब कुणी लिहिला नाही.

ग्रेगच्या 'व्हिपिंग पोस्ट' या गाण्याचा जन्म तर सांगण्यासारखाच आहे. रात्री गाणं सुचलं, घरात मूल झोपलेलं म्हणून दिवा लावता येईना, कागदही सापडेना. तेव्हा जळक्या काड्यांनी त्यानं शब्द लिहिले ते इस्त्रीच्या टेबलावरच्या कापडावर. दुसऱ्या दिवशी त्यावरून बोलणी बसली, असं तो सांगत असे. या गोष्टीत सगळे हसतात. मीही हसायची. आता मला ते कापड दिसतं. एका प्रतिभावंताची रात्र ज्यावर उमटली, ते कापड रोज वापरणारं आणि दुसऱ्या दिवशी धुणारं कुणीतरी होतं. फिलमोरच्या अल्बममध्ये हे गाणं तेवीस मिनिटं चालतं. बाईनं फसवलं, आपण फटक्याच्या खांबाला बांधलेलो आहोत, अशी त्यात पुरुषाची तक्रार आहे. ज्या जॉर्जियात काळ्या गुलामांना, बायकांनासुद्धा, खरोखरच बांधून फटके मारले गेले, तिथं राहून ते ध्रुपद ऐकताना आता माझा पाय ठेका धरतो आणि मन अडखळतं. दोन्ही खरं आहे.

आणि ब्लूज तरी कुणाचं? काळ्या गायकीचं पहिलं गाजलेलं ब्लूज मुद्रण १९२० सालचं, मेमी स्मिथ या बाईचं. तिची तबकडी तुफान खपली, तेव्हा कुठे कंपन्यांना कळलं की काळ्या लोकांचं गाणं विकत घेणारे आहेत. मेकनपासून सुमारे दीडशे किलोमीटरवरच्या कोलंबस गावची मा रेनी हिनं १९२३ ते १९२८ या काळात नव्वदच्या वर गाणी मुद्रित केली, त्यातली कितीतरी तिनं स्वतः रचलेली. ऑलमन बंधूंनी आपल्या त्या पाच अल्बमांत जुनं ब्लूज घेतलं ते मडी वॉटर्स, ब्लाइंड विली मॅकटेल, टी-बोन वॉकर, एल्मोर जेम्स यांचं. सगळे थोर आणि सगळे पुरुष. वंशाची भिंत ओलांडणाऱ्या या मुलांना आपल्याच राज्यातली आजी दिसली नाही.

मग काय करायचं? रेकॉर्डी पेटीत बंद करायच्या? मला ते पटत नाही. ड्वेनची गिटार ऐकून माझ्या अंगावर आजही काटा येतो आणि त्याची मला लाज वाटत नाही. आपल्यातल्या काही मैत्रिणी म्हणतात, पुरुषी कला सोडून द्या. मी म्हणते, सोडू नका, हिशेब मागा.

तसा हिशेब मागितला गेला आहे, आणि घरातूनच. वडील गेले तेव्हा ड्वेनची मुलगी गॅलाड्रिएल दोन वर्षांची होती. वडील तिला कळले ते त्यांच्या मुद्रणांतून. तिनं ती सगळी विखुरलेली मुद्रणं जमवली आणि २०१३ साली सात तबकड्यांचा संच निर्माती म्हणून स्वतःच्या नावानं काढला. पुढच्या वर्षी वडिलांवर पुस्तक लिहिलं, त्यात आपल्या आईलाही जागा दिली. वडिलांच्या वारशाची तीच राखणदार झाली.

दुसरी गोष्ट मला अधिक जवळची वाटते. १९७० साली ड्वेननं एरिक क्लॅप्टनबरोबर 'लैला' या अल्बमवर गिटार वाजवली. लैला म्हणजे आपल्या ओळखीच्या लैला-मजनूतली. तिथंही शीर्षकात बाई आणि आळवणी पुरुषाची. ऑलमनमध्ये पंधरा वर्षं वाजवलेल्या डेरेक ट्रक्सनं आणि त्याची बायको, गायिका-गिटारवादक सुझन टेडेस्की हिनं २०१० मध्ये नवा बँड काढला. नावात तिचं आडनाव आधी, 'टेडेस्की ट्रक्स बँड'. २०२२ मध्ये त्यांनी 'आय अॅम द मून' नावाची चार अल्बमांची मालिका काढली. निझामीचं लैला-मजनूचं काव्य त्यांनी पुन्हा वाचलं ते लैलाच्या बाजूनं, तिला काय वाटलं असेल हे विचारत. शीर्षकातल्या बाईला तोंड फुटायला बावन्न वर्षं लागली. पण फुटलं.

हे सगळं अमेरिकेचं झालं. मामीचा प्रश्न मला खरा झोंबला तो दुसऱ्याच कारणानं. काही वर्षांपूर्वी आमच्या संस्थेची स्मरणिका मी संपादित केली होती. आमच्या शिबिरांचा स्वयंपाक अठरा वर्षं करणाऱ्या मावशींचं नाव मी आवर्जून घातलं, 'आभार' या सदरात. त्यांनी पान उघडून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "नाव छापलंत ताई, बरं वाटलं. पण मंडपवाल्याच्या खाली आहे." त्यांचं आडनाव तेव्हा मला माहीतच नव्हतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. आभार ही वेगळी गोष्ट आणि श्रेय ही वेगळी. आभार मानले की देणं फिटल्यासारखं वाटतं. श्रेय दिलं की वाटा द्यावा लागतो. आपल्या अहवालांत, स्मरणिकांत, नाटकांत, गाण्यांच्या पुस्तिकांत घर आणि चूल सांभाळणाऱ्या बाईचं नाव कामाच्या यादीत यावं, आडनावासह यावं, आणि कामाला पैसे असतील तर तिच्याही हाती पडावेत. बायकांकडून ओव्या जमवून पुस्तक काढाल, तर सांगणारीचं नाव त्या ओवीखाली छापा, प्रस्तावनेतल्या गर्दीत नको. 'सर्व भगिनींचे आभार' ही ओळ आपल्या मासिकातून तरी हद्दपार व्हावी.

ते कव्हर मी अजून मधूनमधून उघडते. त्या फोटोतल्या सगळ्या बायका मला अजून ओळखता येत नाहीत. पण आता घरी कुणी आलं आणि मी 'जेसिका' लावली, तर लिंडा ओकली आणि लुईझ हडसन ही दोन नावं, आडनावासकट, मी सांगितल्याशिवाय राहत नाही. मामीला तर दोन्ही पाठ झाली आहेत.